व्हाया तिलारी

इचलकरंजीत चार मित्र जमले आणि गोव्याचा विषय निघाला, की पहिला अर्धा तास ना हॉटेलवर जातो, ना बीचवर. तो जातो रस्त्यावर.

'आंबोलीतून मारू.'
'येडा आहेस काय? शनिवारी धबधब्यापाशी दोन तास गाडी हलायची नाही.'
'मग फोंडा घाट.'
'लांब पडतंय भावा.'
'गगनबावडा?'
'पावसाळ्यात? दरड आली की बस बोंबलत.'

आणि मग कोपऱ्यात मोबाईलमध्ये डोकं घालून बसलेला एक जण मान वर न करता म्हणतो, 'तिलारी.' विषय संपला! तिलारी म्हणणाऱ्याला आपल्याकडे एक वेगळाच मान आहे. घाट अरुंद, वळणं अशी की समोरून गाडी आली तर कुलदैवत आठवावं. पण गडहिंग्लज, नेसरी, पाटणे फाटा करत एकदा तो घाट उतरलात की खाली दोडामार्ग, आणि दोडामार्ग ओलांडलं की गोवाच. शॉर्टकटचा बादशहा.

या पानावर मी एरवी कॅफे, बॉस, अप्रायझल, लग्नाचा बायोडेटा असल्या विषयांवर लिहिते. आज रस्त्यावर लिहितेय, कारण तिलारी घाट उतरताना खिडकीतून जे दिसतं, ते एकदा नीट बघितलं की पुढच्या वेळी नुसतं 'वॉव' म्हणता येत नाही.

घाटाच्या वरच्या अंगाला जंगल आहे तसं आहे. म्हणजे अस्ताव्यस्त. जांभूळ, अंजनी, हिरडा, फणस, त्यांच्यावर चढलेल्या बोटाएवढ्या आणि मांडीएवढ्या वेली, खाली कुजलेल्या पानांचा ओला थर. आत शिरायचं म्हटलं तर चार पावलांत अडकाल. मग घाट संपतो, दोडामार्ग तालुका सुरू होतो आणि डोंगर एकदम शहाण्यासारखे वागायला लागतात. सगळी झाडं एका उंचीची. दोन झाडांतलं अंतर सारखं. ओळी सरळ, जणू एखाद्या आयटी कंपनीच्या कॅम्पसमधलं लँडस्केपिंग. प्रत्येक बुंध्याला छातीच्या उंचीवर तिरका काप आणि खाली एक वाटी बांधलेली. गाडीतलं कुणीतरी म्हणतंच, 'काय हिरवंगार आहे ना!' हिरवं तर आहेच. पण ते रबर आहे.

रबराची गोष्ट सॉलिड आहे, म्हणून जरा सविस्तर. हे झाड मूळचं ऍमेझॉनच्या खोऱ्यातलं. १८७६ साली हेन्री विकहॅम नावाच्या इंग्रजानं ब्राझीलमधून रबराच्या सुमारे सत्तर हजार बिया जहाजात भरून लंडनच्या क्यू गार्डनमध्ये पोचवल्या. त्यातल्या थोड्याच रुजल्या, पण ज्या रुजल्या त्यांची रोपं श्रीलंका, मलाया अशी फिरली आणि पुढे केरळ रबराचं घर झालं. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत केरळमधले बागायतदार कोकणात उतरले. तिथे जमीन महाग, इथे स्वस्त, हवा जवळपास तीच, पाऊस भरपूर. हिशोब सरळ होता. रबराचं दूध निघायला साधारण सात वर्षं लागतात, तोवर मधल्या जागेत अननस लावायचा. अननस? तोही दक्षिण अमेरिकेचा. शेजारच्या डोंगरावर काजू. काजू पोर्तुगीजांनी आणला, तोही ब्राझीलहूनच.

म्हणजे सीन काय आहे बघा. तिकडे ब्राझीलमध्ये ऍमेझॉनचं जंगल तोडून गाईगुरांसाठी कुरणं आणि सोयाबीनची शेतं केली. आणि इकडे सह्याद्रीचं जंगल तोडून ऍमेझॉनची झाडं लावली. ग्लोबलायझेशनवर कॉलेजात पंधरा मार्कांचं उत्तर लिहिलं होतं मी, त्यात हे उदाहरण नव्हतं.

पापलेटचा काटा

लंच टाइमला जेवून झाल्यावर रील्स बघण्याऐवजी एक उद्योग करा. गूगल अर्थ उघडा आणि ब्राझीलमधलं रोन्दोनिया हे राज्य शोधा. वरून बघितल्यावर दिसेल की मध्ये एक लांब रस्ता आहे, त्याला ठरावीक अंतरावर काटकोनात फुटलेले उपरस्ते, आणि प्रत्येक उपरस्त्याच्या दोन्ही बाजूंना जंगल नाहीसं झालेलं. पापलेट खाऊन झाल्यावर ताटात जो काटा उरतो, डिट्टो तसं चित्र. तिकडचे अभ्यासकही याला माशाचा काटाच म्हणतात. मधला रस्ता म्हणजे बीआर-३६४ हा महामार्ग. १९८० च्या दशकात जागतिक बँकेच्या कर्जातून तो डांबरी झाला आणि दक्षिणेकडून जमिनीच्या शोधात निघालेली माणसं त्यावरून आत घुसली.

आता एक आकडा, तो लक्षात ठेवण्यासारखा आहे. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं, की ब्राझीलच्या ऍमेझॉनमधली जवळजवळ ९५ टक्के जंगलतोड रस्त्यापासून साडेपाच किलोमीटरच्या आत किंवा मोठ्या नदीपासून एक किलोमीटरच्या आत झालेली आहे. पंच्याण्णव टक्के! शिवाय सरकारी नकाशातल्या दर एक किलोमीटर रस्त्यामागे जवळपास तीन किलोमीटर रस्ते बिनपरवाना काढलेले. लाकूडवाल्यांनी, खाणवाल्यांनी, गुरंवाल्यांनी.

रस्ता बांधताना जेवढी झाडं जातात ती खरं तर किरकोळ असतात. आपण पेपरात भांडतो ती त्यांच्यावरून: अमुक हजार झाडं तोडणार, मग त्या बदल्यात तमुक हजार लावणार, मग लावलेली जगली का. भांडावंच. पण खरा खेळ नंतर सुरू होतो. रस्ता आला की ट्रक येतो. ट्रक आला की लाकडाला भाव येतो. लाकूड गेलं की मोकळ्या जमिनीला भाव येतो. जमिनीला भाव आला की ती विकत घेणारा येतो, आणि त्याला तिथे काहीतरी पिकवायचं असतं, कारण त्यानं पैसे मोजलेत. रस्ता आणि शेती ही जोडी आहे. एक दार उघडते, दुसरी आत येऊन बसते.

२०२४ या एका वर्षात जगातलं उष्ण कटिबंधातलं मूळ जंगल सुमारे ६७ लाख हेक्टर गेलं. त्यातलं जवळपास निम्मं आगीत. आकडा डोक्यात बसत नसेल तर असं धरा: आपला अख्खा कोल्हापूर जिल्हा, चंदगडपासून शिरोळपर्यंत, असे जवळपास नऊ जिल्हे. आणि २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये ब्राझीलच्या बेलेम शहरात हवामान परिषद भरली, तेव्हा त्याच शहराबाहेर झाडीतून नवा चौपदरी रस्ता काढल्याच्या बातम्या जगभर गाजल्या. राज्य सरकार म्हणालं, परिषदेचा आणि रस्त्याचा संबंध नाही. नसेलही. टायमिंग मात्र लाजवाब.

सातबारावर चाळीस नावं

ब्राझीलमध्ये सरकारनं माणसांना जंगलात नेऊन वसवलं. दोडामार्गात तसं काही झालं नाही. इथली भानगड वेगळी आहे, आणि ती समजून न घेता 'जंगल वाचवा' म्हणणं म्हणजे गाडीच्या काचेवर स्टिकर लावण्यासारखं.

सिंधुदुर्गातलं बरंचसं जंगल सरकारचं नाहीच. ते लोकांच्या मालकीचं आहे. आजोबा-पणजोबांपासूनची सामायिक जमीन, सातबारावर तीस-चाळीस नावं, त्यातली निम्मी मुंबईत, काही गोव्यात, काही वारलेली. भात खालच्या मळ्यात पिकतं, वरचा डोंगर तसाच पडलेला. म्हणजे आपल्या भाषेत पडलेला. झाडांच्या भाषेत उभा. त्या डोंगरातून घरात पैसा येतो तो थोडा हिरडा, थोडं कोकम, सरपण, बास. मग एक दिवस एजंट येतो. सगळी नावं तोच गोळा करतो, मुंबईला जाऊन सह्या तोच आणतो, आणि एकरकमी पैसे देतो. मुलीचं लग्न असतं, घराचं छप्पर असतं, मुलाला बाईक हवी असते. कोण नाही म्हणेल?

साटेली-भेडशीच्या बाजारात चहा पिताना एका काकांना मी अगदी शहरी सुरात विचारलं, की जंगल गेलं याचं वाईट नाही का वाटत? ते हसले. म्हणाले, 'तुमी लोक येतास, फोटो काढतास, जातास. जंगल बघून पोट भरता काय?' त्यांचा मुलगा रोज बाईकवरून गोव्यात कामाला जातो. ज्या रस्त्यानं जमीन विकली गेली त्याच रस्त्यानं पगारही येतो. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि चहाचे पैसेही त्यांनीच दिले.

पण त्या व्यवहाराचा दुसरा अर्धा भागही सांगायला हवा. जमीन विकली की जेसीबी येतो. रबराला निवडक झाडं काढून भागत नाही, डोंगर आधी पूर्ण मोकळा करावा लागतो. मोठी झाडं मशीनच्या करवतीनं, खालचं सगळं जाळून, मग पायऱ्या काढून रोपं. ज्या जंगलात एका एकरात कितीतरी जातींची झाडं होती तिथे एक जात उरते. ढोलीच नाही म्हटल्यावर धनेश पक्षी अंडी कुठे घालणार? त्याला जुनं, जाड, पोकळ झाड लागतं, सात वर्षांचं रबर नाही. शेकरू, म्हणजे आपला राज्यप्राणी, शेंड्याशेंड्यांवरून जातो. फांद्यांची साखळी तुटली की त्याचा रस्ताच बंद. आणि हाच पट्टा राधानगरी, तिलारी, गोव्याचं म्हादई आणि कर्नाटकातलं भीमगड यांना जोडणारा आहे. तिलारीत वाघ कॅमेऱ्यात आलेत. २०२५ च्या शेवटी ताडोबाची वाघीण चांदोलीत आणून सोडली. तिच्या पुढच्या पिढीला दक्षिणेकडे जायचं असेल तर ती याच डोंगरांवरून जाईल, विमानानं नाही.

२०१३ साली मुंबई उच्च न्यायालयानं सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यात वृक्षतोडीला बंदी घातली. तरीही तोडीच्या बातम्या येतच राहिल्या. मार्च २०२४ मध्ये न्यायालयानं केंद्राला हा पट्टा पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर करायला सांगितलं. त्याआधी २०२० मध्ये राज्यानं तिलारीला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा दिला. कागद हलतात, पण हळू. करवतीला पेट्रोल लागतं फक्त.

आपला साइडचा हिशोब

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं घाटाखालचं झालं, आपला काय संबंध? आपण यंत्रमागवाले, सूतवाले, सीए, बँकवाले. थांबा.

घाटमाथ्यावर, म्हणजे राधानगरी, भुदरगड, आजरा, चंदगड या आपल्याच तालुक्यांत, जंगल दोडामार्गासारखं एका झटक्यात जात नाही. ते कडेकडेनं जातं. आधी नाचणी-वरीची शेतं होती, पावसावरची. मग धरणं झाली, मोटारी आल्या, पाणी वर चढलं आणि त्याच्यामागून ऊस चढला. ऊस म्हटलं की आपल्याकडे कुणी काही बोलत नाही, कारण प्रत्येकाच्या घरात कुणाचा तरी ऊस आहे. (माझ्याही मामाचा आहे. दिवाळीत बिल आलं की भाच्यांना कपडे मिळतात, त्यामुळे मी ऊसविरोधी वगैरे नाही.) पण उसाला तोडणी लागते, तोडणीला ट्रॅक्टर, ट्रॅक्टरला रस्ता. वाडीपर्यंत रस्ता गेला की पुढची कातळाची, झाडीची जमीनही शेतात ओढली जाते. आजरा-चंदगडला काजू उतारावर चढला. काजूसाठी खालचं झुडूप साफ करतात, उन्हाळ्यात पेटवतात, आणि वणवा सातबाराची हद्द विचारत नाही.

उन्हाळ्यात काजू, पावसात भात, वर्षभर ऊस. हत्तीला यापेक्षा मोठा बुफे कुठे मिळणार? कर्नाटकातून हत्ती २००२ च्या सुमारास इकडे यायला लागले आणि तेव्हापासून दोडामार्ग, चंदगड, आजऱ्यात माणूस आणि हत्ती दोघांची झोप उडालेली आहे. २०२५ मध्ये नांदणी मठाच्या महादेवी हत्तिणीसाठी आपण सगळे रस्त्यावर आलो, मोर्चे काढले, मोबाईलची सिमकार्डं बदलली. त्यातला जिव्हाळा खोटा नव्हता. एवढंच मनात येतं, की त्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला कुणाच्या मालकीचे नसलेले हत्ती रात्री फटाक्यांच्या आवाजात उसातून पळतात, त्यांची डीपी कुणी ठेवत नाही.

राधानगरीचं उदाहरण मात्र आपण कॉलर ताठ करून सांगावं असं आहे. शाहू महाराजांनी १९०८-०९ च्या सुमारास भोगावतीवर धरणाचं काम काढलं. दाजीपूरचं जंगल तेव्हा संस्थानची शिकारीची राखीव जागा होती. शिकारीसाठी का होईना, ते राखलं गेलं. १९५८ साली तिथे दाजीपूर गवा अभयारण्य झालं, १९८५ मध्ये ते वाढून ३५१ चौरस किलोमीटरचं राधानगरी अभयारण्य झालं, आणि २०१२ साली युनेस्कोनं पश्चिम घाटाला जागतिक वारसा दर्जा दिला त्यात राधानगरी आहे. एका बाजूला राधानगरी धरण, दुसऱ्या बाजूला काळम्मावाडी, आणि जंगल मध्ये. जगातल्या अभ्यासातही हेच दिसतं: रस्ता जवळ असूनसुद्धा जिथे संरक्षित क्षेत्र होतं, तिथे तोड बरीच कमी झाली. म्हणजे रस्ता आला की सगळं संपलंच असं नाही. कुणीतरी आधी रेघ मारलेली हवी.

आता पाणी. इचलकरंजीकराला पाण्यावर वेगळं सांगायची गरज नाही. २०१२ मध्ये काविळीची साथ आली तेव्हा मी शाळकरी मुलगी होते. वर्गातली बाकं रिकामी असायची आणि घरात पाणी उकळायचं पातेलं गॅसवरून उतरत नसे. पंचगंगा उशाला असून तिचं पाणी पिण्यासारखं नाही. कृष्णेची योजना मजरेवाडीहून आणली, तर गळतीनं जीव नकोसा केला. वारणेकडे हात पसरला, तर दानोळीत गाव उभं राहिलं. दूधगंगेवरून सुळकूड योजना ठरली, तर कागलकर म्हणाले, आमचं पाणी देणार नाही. २०२३-२४ मध्ये त्यावरून इकडे मोर्चा, तिकडे मोर्चा. दोन्हीकडची माणसं आपलीच.

या सगळ्या भांडणात एक गोष्ट कुणी बोलत नाही. कृष्णा, वारणा, दूधगंगा, भोगावती, कासारी, कुंभी, तुळशी. कुठल्याही नदीचं नाव घ्या, तिचा उगम सह्याद्रीच्या त्याच झाडीत आहे. आंबोलीत वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आपल्या हातकणंगले-शिरोळकडे त्याच्या दहाव्या हिश्श्याइतका पडला तरी पुष्कळ. म्हणजे आपल्या नळाचं पाणी आपल्या आभाळातून येतच नाही, ते शंभरेक किलोमीटर पश्चिमेकडून येतं. तिथल्या पालापाचोळ्यात आणि मुळांच्या जाळीत पाऊस मुरतो आणि डिसेंबर-जानेवारीपर्यंत ओढ्यांना झिरपत राहतो. उतार उघडा पडला की तेच पाणी जुलैमध्ये मातीसकट वाहून जातं, माती धरणात बसते आणि मार्चमध्ये ओढा कोरडा. २०१९ चा महापूर झाडं असती तर आला नसता, असं कुणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका. इतका पाऊस काही दिवसांत पडला की जगातलं कुठलंही जंगल तो अडवू शकत नाही. फरक पडतो तो उन्हाळ्यात.

आणखी एक धागा आहे, तो आपल्या गावातल्या कुणालाच आवडणार नाही. कापड विणण्याआधी सुताला सायझिंग लागतं, सायझिंगला वाफ लागते, वाफेला बॉयलर आणि बॉयलरला जळण. कुठे बगॅस, कुठे कोळसा, कुठे लाकूड. लाकडाचा प्रत्येक ट्रक घाटातलाच असतो असं अजिबात नाही. शेताच्या बांधावरची बाभूळ, निलगिरी, सुबाभूळही त्यात असते. पण ट्रकमध्ये काय आहे ते उतरवून घेताना कुणी बघतं का? अमेरिका-युरोपातले मोठे कापड खरेदीदार कापूस कुठल्या शेतातला हे विचारायला लागले आहेत. जळण कुठलं हा प्रश्न फार लांब नाही. मर्चंडायझिंगमध्ये काम करणाऱ्या मैत्रिणींनो, तुमच्या एक्सेल शीटमध्ये एक कॉलम वाढणार आहे, तयार राहा.

रस्ता नको?

असं म्हणायची माझी हिंमत नाही. भुदरगड-राधानगरी-चंदगडच्या जंगलात धनगरवाडे आहेत, जिथून आजारी माणसाला किंवा बाळंतिणीला डोलीत घालून खाली आणावं लागल्याच्या बातम्या दर पावसाळ्यात येतात. त्या माणसांना, 'जंगल महत्त्वाचं आहे हो' असं एसी गाडीतून सांगणं बेशरमपणा होईल. वाडीपर्यंत जाणारा एकेरी, साधा रस्ता त्यांना मिळायलाच हवा, आणि गंमत म्हणजे नेमका तोच वनखात्याच्या परवानगीत वर्षानुवर्षं अडकतो.

माझा आक्षेप दुसऱ्या रस्त्यांना आहे. एकाच घाटमाथ्यावरून गोव्याला जायला आंबोली आहे, तिलारी आहे, फोंडा आहे, करूळ-भुईबावडा आहेत, चोर्ला आहे, अनमोड आहे. संकेश्वर-बांदा महामार्ग रुंद झाला, आजऱ्याकडची जुनी थोराड झाडं गेली. आता गाड्या सुसाट जातात, आणि आंबोलीत पावसाळ्याच्या रात्री रस्त्यावर येणारे बेडूक आणि साप चाकाखाली जातात. त्यांत तो पिवळ्या पट्ट्यांचा आंबोलीचा भेकडही असतो. त्याचं शास्त्रीय नामकरण २००९ साली झालं आणि तो आढळतो फक्त आंबोली परिसरात. त्याच्या आयुष्यात आपण म्हणजे फक्त हेडलाइट.

वरून शक्तिपीठ महामार्ग. वर्ध्याच्या पवनारपासून गोव्याच्या हद्दीवर पत्रादेवीपर्यंत, मूळ आखणीत ८०२ किलोमीटर. कोल्हापूरच्या शेतकऱ्यांनी जीव तोडून विरोध केला. ऑक्टोबर २०२४ मध्ये, विधानसभेच्या तोंडावर, जिल्ह्यातला भाग वगळल्याचं जाहीर झालं. निवडणूक झाली, आणि २०२५ च्या जूनमध्ये मंत्रिमंडळानं महामार्गाला मंजुरी दिली. आखणी नेमकी कुठून, यावर त्यानंतरही वाद चालूच राहिले. विरोधाची कारणं मुख्यतः शेतीची आणि पुराची होती, ती रास्तच आहेत. पण पवनारहून पत्रादेवीला जायचं तर कुठे ना कुठे सह्याद्री उतरावाच लागतो, बोगद्यानं असो की घाटानं. आणि त्या टोकाला बोगद्याच्या तोंडाशी जमिनीचे एजंट आधी पोचतात, डांबर नंतर.

नियम नाहीत असं नाही. माधव गाडगीळ यांच्या समितीनं २०११ मध्ये अहवाल दिला, संपूर्ण पश्चिम घाट संवेदनशील धरा आणि काय करायचं ते ग्रामसभांना विचारून ठरवा, असं त्याचं सूत्र होतं. लोकांपर्यंत पोचलं ते भलतंच: 'तुम्हाला घर बांधता येणार नाही, काटकी तोडता येणार नाही.' ग्रामसभेचा भाग कुणी वाचलाच नाही. मग २०१३ मध्ये कस्तुरीरंगन समितीनं क्षेत्र बरंच कमी केलं. त्यावर पहिला मसुदा २०१४ चा. सहावा मसुदा ३१ जुलै २०२४ चा, म्हणजे वायनाडला डोंगर कोसळला त्याच्या दुसऱ्या दिवशीचा. त्यात सहा राज्यांतलं मिळून ५६,८२५ चौरस किलोमीटर क्षेत्र होतं, पैकी महाराष्ट्राचं १७,३४०. आपल्या कंपनीत पॉलिसी डॉक्युमेंट सहा वेळा ड्राफ्टमध्ये फिरलं असतं तर एचआरची काय अवस्था झाली असती!

पण एक गोष्ट घडलीय, शेजारीच. २०२० च्या एप्रिलमध्ये, सगळा देश लॉकडाऊनमध्ये घरात बसलेला असताना, गोव्यातल्या मोलेच्या भगवान महावीर अभयारण्यातून जाणाऱ्या तीन प्रकल्पांपैकी काहींना वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीच्या व्हिडिओ कॉन्फरन्समध्ये हिरवा कंदील मिळाला. महामार्गाचं चौपदरीकरण, रेल्वेचा दुसरा मार्ग, विजेची उच्चदाब वाहिनी. तीनही सरळ रेषा, जंगल कापत जाणाऱ्या. आणि उभं कोण राहिलं? वकील, आर्किटेक्ट, चित्रकार, प्राणीशास्त्राचे विद्यार्थी, नोकरी करणारी मुलंमुली. तुमच्या-माझ्या वयाची. कुणी फाइली वाचल्या, कुणी फुलपाखरांची चित्रं काढली, कुणी आकडेमोड केली. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दुहेरी रेल्वेमार्गाची मंजुरी रद्द केली. तिन्हींतलं एक. पण ते एक थांबलं ते फाइली वाचल्यामुळे.

त्या फाइली तुम्हीही वाचू शकता. 'परिवेश' नावाचं केंद्र सरकारचं पोर्टल आहे. वनजमीन लागणाऱ्या रस्त्यांचे, खाणींचे, वीजवाहिन्यांचे अर्ज त्यावर असतात. महाराष्ट्र निवडा, कोल्हापूर निवडा, मग सिंधुदुर्ग. बोअर आहे, आधीच सांगते; वेबसाइट मूडमध्ये नसेल तर उघडणारही नाही. पण अर्ज उघडला तर त्यात किती हेक्टर, किती झाडं, कुठलं अभयारण्य किती किलोमीटरवर हे सगळं असतं. आणि एक रकाना असतो: पर्यायी मार्गांचा विचार केला होता का, केला असेल तर ते का नाकारले. मी उघडते तेव्हा आधी तोच बघते.